दाराबाहेरच्या चपला

"पायताण बाहेर काढ," काकी म्हणाली.

पंधरा वर्षांनी भेटल्यावर तिचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. कशी आहेस नाही, कुणाबरोबर आलीस नाही. शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून ती माझ्या पायांकडे बघत होती.

मी बूट काढले. दाराच्या डाव्या अंगाला बायकांच्या चपलांची रांग होती. मी सवयीने मोजल्या. नऊ जोड. दहावा माझा.

तासगावच्या अलीकडे आमचा मळा आहे. मार्च महिना होता, सकाळचे साडेदहा. शेडमध्ये जाळीच्या मांडण्यांवर द्राक्षं वाळत घातली होती, आणि खाली ताडपत्रीवर बसून बायका तयार बेदाण्यातल्या काड्या निवडत होत्या. मी आत पाऊल टाकलं तसे त्यांचे हात थांबले.

"ही कोण गं?" एकीने विचारलं.

"थोरल्या भाऊजींची अर्पिता," काकी म्हणाली. "जिला आम्ही मारायला निघालो होतो, ती."

सगळ्या बायका एकदम खाली बघून काड्या निवडायला लागल्या.

त्या वेळी मी बावीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते, आणि आठवड्यातून सरासरी चार रात्री ओरडत उठत होते. सरासरी हा शब्द मोघम नाही. गेली तीन वर्षं मी वहीत नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला. त्या दिवसापर्यंत सहाशे चार नोंदी झाल्या होत्या आणि स्वप्न एकच होतं. अंधारी खोली. मधोमध घमेल्यात निळी, बुटकी ज्योत. घशात काट्यासारखा वास. आणि बाहेरून कुणीतरी दाराच्या फटीत ओलं गोणपाट कोंबतंय.

स्वप्न कुठून आलं याबद्दल घरात वाद नव्हता. सात वर्षांची असताना मी या शेडमागच्या धुरीच्या खोलीत कोंडली गेले होते. धुतलेले बेदाणे क्रेटमध्ये भरून त्या खोलीत रचतात, घमेल्यात गंधक पेटवतात आणि दार लावून घेतात. चार तासांनी बेदाण्यावर सोनेरी रंग चढलेला असतो. वाद होता तो दार कुणी लावलं आणि लावताना त्याला काय माहीत होतं याचा. आई म्हणायची, भूपालकाकाने जाणूनबुजून. माझे वडील आदल्याच वर्षी गेले होते आणि मळ्यातला त्यांचा वाटा माझ्याकडे आला होता. तेवढं कारण सगळ्यांना पुरलं. आईने मला घेऊन मिरजेत खोली केली, आणि गावात काकाचं नाव पडलं गंधक्या.

त्या जानेवारीत हॉस्टेलमधल्या माझ्या खोलीतल्या दोघी मुलींनी वॉर्डनला अर्ज दिला होता. एकदा प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर कुणीतरी सल्फाइटमध्ये आम्ल ओतलं, तोच वास सुटला, आणि मी खिडकीखाली गुडघ्यात डोकं घालून बसलेली सापडले. माझे गाइड वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "जूनपर्यंत काहीतरी कर, नाहीतर प्रोजेक्ट दुसऱ्याला द्यावा लागेल."

मी विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी एक पद्धत सांगितली. स्वप्न दिवसाउजेडी कागदावर लिहायचं, त्यातली एक गोष्ट आपल्याला हवी तशी बदलायची, आणि तो बदललेला मजकूर रोज वाचायचा. मी करून बघितलं. गंधक पेटतच नाही असं लिहिलं. पण कोरडं गंधक काडी लावल्यावर पेटतंच, आणि माझ्या झोपेलाही ते ठाऊक होतं. दार आपोआप उघडतं असं लिहिलं, तर स्वप्नात दाराला दोन कड्या आल्या.

"खोटं चालत नाही मला," मी बाईंना म्हणाले.

"मग खरं काय ते विचारून या," त्या म्हणाल्या.

म्हणून मी आले होते. वहीत सहाशे चारपैकी दोनशे अकरा नोंदींत एक आवाज होता. गोणपाट कोंबताना काचेच्या बांगड्या दोनदा वाजतात, मग मी ओरडते, मग हात थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो. काका बांगड्या घालत नव्हता.

तो शेडच्या मागच्या बाजूने रिकामे क्रेट घेऊन आला. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून त्याने क्रेट हळूच खाली ठेवले.

"वहिनींनी पाठवलं?"

"आईला माहीत नाही."

"मग काय काम काढलंस?"

मी सांगितलं. स्वप्न, वही, बांगड्या, सगळं. बायका निवडायचं विसरल्या होत्या. काका ऐकून घेत होता आणि काकीच्या तोंडावर हसू येत चाललं होतं.

"एवढं शिकून स्वप्नाचा पंचनामा करायला लागलीस व्हय?" ती म्हणाली. "सहाशे वेळा पडलं, तर सहाशे वेळा आम्हीच दार लावलं असणार. घाला फासावर."

"काकी, तुम्ही त्या दिवशी इथं होतात."

"होते की. आणि मीच म्हटलं होतं, ही पोरगी बेदाणे खायला क्रेटमागं लपते, हिला आवरा. कोण ऐकतंय."

ते खरं होतं. काका घमेलं घेऊन आत आला तेव्हा मी क्रेटच्या मागेच होते, तोंडात बेदाणे आणि नाकपुड्या दाबून. खाल्ल्याबद्दल काकी मारेल म्हणून. तो बाहेर गेला, दार लागलं, आणि तेव्हा मला वास आला. हे मी कधी कुणापासून लपवलेलं नाही.

"तुम्ही आत बघितलं नाहीत?" मी काकाला विचारलं.

"चपला बघितल्या." तो दाराकडे बोट दाखवत म्हणाला. "या शेडमध्ये कुणी पायात घालून येत नाही. आत जितकी माणसं, तितके जोड बाहेर. तुझ्या आजोबांच्या, आप्पांच्या वेळेपासून हीच रीत आहे. दार लावताना रांग बघायची. त्या दिवशी धुरीच्या खोलीच्या दाराला माझाच एक जोड होता. तुझी चप्पल नव्हती."

"होती. हिरव्या पट्ट्याची. मी काढून ठेवली होती."

"नव्हती."

"माझे पाय अनवाणी होते."

"तू सदा अनवाणीच हिंडायचीस," काकी म्हणाली. "तुझी आई मागनं चपला घेऊन फिरायची."

इथे वाद थांबला असता आणि मी तशीच परत गेले असते. पण मी प्रयोग करायला शिकलेली मुलगी होते, आणि प्रयोग न करता निघणं मला जमलं नाही.

"मला आत कोंडा," मी म्हणाले.

काकाने कानावर हात धरल्यासारखं केलं. "काय?"

"गंधक नको. नुसतं दार लावा. आणि त्या दिवशी ज्यांनी गोणपाट लावलं त्यांनीच आता लावायचं."

"आणि आत तुला चक्कर आली की उद्या तुझा मामा जीप भरून येणार. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवात उभा राहून मला खुनी म्हणाला तो. व्याह्यांसमोर. नको बाई. तू जा."

मी वहीचं पान फाडलं, 'मी माझ्या मर्जीने खोलीत जात आहे' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि त्याला दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

"कुसुम," तो काकीला म्हणाला, "गोणपाट भिजव."

"मी न्हाई."

"तूच लावलं होतंस. लाव."

तिने हौदात गोणपाट असं आपटलं की पाणी माझ्या अंगावर उडालं.

खोली आठवणीत होती त्याहून लहान निघाली. दहा फूट लांब, फार तर आठ फूट रुंद. क्रेट नव्हते. भिंतींना वास मुरलेला होता, पण थोडा, पेटून विझलेल्या काडीइतका. दार लागलं. मी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायला लागले. एकशे बत्तीस. मग फटीतला उजेड डावीकडून उजवीकडे जायला लागला. गोणपाट घासल्याचा आवाज आला, आणि काच वाजली. दोनदा.

मी ओरडणार नव्हते. तसं ठरवून गेले होते. पण माझं तोंड उघडलं आणि मी ओरडले, "काकी, दार उघड."

गोणपाट थांबलं. मी मोजलं, चार सेकंद. आणि ते पुन्हा सरकायला लागलं.

नंतरचं नीट आठवत नाही. मी जमिनीवर पालथी पडले होते आणि गोणपाटाला तोंड लावून श्वास घेत होते. ओलं, थंड, तागाच्या वासाचं. आणि त्या अवस्थेतही डोक्याचा एक कोपरा काम करत होता. गंधकाचा धूर पाण्यात विरघळतो. ओल्या कापडातून आलेली हवा बऱ्यापैकी गाळून येते. सात वर्षांची मी इथेच, अशीच पडले असणार, आणि सहाशे चार वेळा ज्या गोणपाटाने मला घुसमटवलं, त्यातूनच मी जिवंत राहिले असणार. मला कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण कुणाला माहीत नव्हतं.

दार काकाने उघडलं. मी उठून बसले. काकी हात पुसत उभी होती, पदराला पुन्हा पुन्हा.

"थांबलात," मी म्हणाले. "मी ओरडले तेव्हा तुमचा हात थांबला."

"तू सांगितलं होतंस तसंच लावलं."

"थांबायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही थांबला होतात. काय ऐकू आलं होतं?"

काका तिच्याकडे वळला.

"कुसुम, तुला ऐकू आलं होतं?"

"बारीक," ती म्हणाली. "मांजराच्या पिल्लागत."

"आणि तू मला बोलली नाहीस. आज पंधरा वर्षं मला पोरं रस्त्यावर गंधक्या म्हणतात, आणि तू ऐकलं होतंस?"

"मग काय करू? ऐकलं तशी चपला बघितल्या मी. मान वळवून बघितल्या. न्हाईत चपला. मग मांजरच म्हटलं." तिचा आवाज चढला. "माणूस असतं तर चपला नसत्या व्हय? तुम्हीच शिकवलं ना, आप्पांनी शिकवलं ना, चपला बघा म्हणून?"

म्हणजे तेवढ्यासाठी थांबला होता तो हात. चार सेकंद. कानाने ऐकलेलं डोळ्याने तपासायला.

"चपला होत्या," मी म्हणाले. "मी काढल्या होत्या."

"काढल्या असशील. आणि तुझी आई घेऊन गेली."

काका म्हणाला, "कुसुम, पुरे."

"का पुरे? मी बघितलंय. दुपारच्या सुट्टीला घरी निघाली, जाता जाता दारातल्या चपला उचलल्या, म्हणाली, 'परत अनवाणीच पळाली बघ भवानी.' हातात घेऊन गेली. घरी पोरगी नाही बघून तशीच धावत आली, तेव्हा कुठं हे दार उघडलं. मी दवाखान्यात तिच्या तोंडावर म्हटलं हे. तिनं सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. नवरा गेलेल्या बाईपुढं आमचं कोण ऐकतंय?"

"पुरावा काय?" मी विचारलं. विचारायला नको होतं. तो माझ्या हातात होता.

वहीच्या शेवटच्या पानांवर मी सुट्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या, स्वप्नात कुठे न बसणाऱ्या. त्यातली एक होती, 'जीपमध्ये. डोकं आईच्या मांडीवर. मानेखाली काहीतरी टोचतंय.' पुढे कंसात प्रश्नचिन्ह. वहीत तेवढंच होतं, पण टोचणाऱ्या वस्तूचा आकार मला नेमका आठवत होता. चौकोनी, मधे एक काडी. चपलेचं बक्कल.

मी बाहेर येऊन बूट घातले. काका फाटकापर्यंत आला. काकी आली नाही. शेडमधून तिचा आवाज ऐकू येत होता, बायकांवर ओरडत होती की काड्या तशाच राहिल्यात.

"तुझ्या मामाला सांग," काका म्हणाला.

"काय सांगू?"

"माझं नाव भूपाल आहे म्हणून."

मिरजेला पोचले तेव्हा चार वाजले होते. आमची खोली पहिल्या मजल्यावर, बाहेर सामाईक गॅलरी. दारात आईच्या चपला होत्या, आणि त्यांच्या शेजारी माझ्या जुन्या, मी जानेवारीत सोडून गेले होते तशाच, धूळ बसलेल्या. या गॅलरीतून आमच्या चपला दोनदा चोरीला गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी रॅक आत घेतले. आईने घेतलं नाही. मी कधी चपला आत आणल्या तर ती ओरडायची, "जिथं काढल्यात तिथंच राहू देत. चपलांना हात लावायचा नाही." मला वाटायचं तिला स्वच्छतेचं वेड आहे.

ती खाली बसून गवार मोडत होती.

"कुठनं आलीस?"

"मळ्यावरून."

"कशाला तडफडायला गेलीस तिथं? काय म्हणाला गंधक्या?"

"चपला," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. मी मोजलं नाही, पण मोजायची गरज नव्हती. मग शेंग कडकन मोडली.

"कुसुम बोलली असणार," ती म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"जीपमध्ये. हातात होत्या अजून. कुठं टाकायच्या ते सुचत नव्हतं."

"आणि काकाचं नाव घेतलंस."

"कुणाचं घ्यायचं होतं? माझं?" तिने वर बघितलं. "नवरा वर्षापूर्वी गेलेला, आणि आता पोरगी हिच्याच हातून मरायला टेकलेली. असं म्हटलं असतं तर तुला त्यांनी मळ्यावर ठेवून घेतलं असतं आणि मला माहेरी पाठवलं असतं. डॉक्टर विचारत होते, दार कुणी लावलं. मी म्हटलं, भूपालनं. त्यानंच लावलं होतं की. खोटं काय बोलले?"

"जाणूनबुजून म्हणालीस."

"ते मी नंतर म्हणाले."

"आणि पंधरा वर्षं?"

"एकदा तोंडातनं गेलं ते परत कसं घेणार? तू सांग, तू शिकलीयस."

"मी पंधरा वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या, आई. झोपेत. रोज."

"मग आता मला घाल," ती म्हणाली, आणि गवारीची परडी माझ्याकडे सरकवली. "निम्मी मोड."

मी मोडली नाही. त्या संध्याकाळी तिच्याबरोबर जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशी मामाला फोन करून सांगितलं, "काकांचं नाव भूपाल आहे." त्याला वाटलं मला ऊन लागलंय. मग सगळं सविस्तर सांगितलं तेव्हा त्याने माझंच ऐकून घेतलं नाही. आईने मला खोटं पाडलं नाही आणि खरंही केलं नाही. पुढचे दोन महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. काका अजून आमच्याकडे येत नाही.

हॉस्टेलवर परतल्यावर एका दुपारी मी वाचनालयात बसून स्वप्न पुन्हा लिहिलं. खोली तशीच ठेवली, गंधक पेटू दिलं, दाराला कडी लागू दिली, बांगड्या वाजू दिल्या. बदल एकच केला. दाराबाहेर हिरव्या पट्ट्याच्या चपला होत्या तिथेच ठेवल्या. ते पान मी रोज वाचत गेले, जेवणानंतर, मोठ्याने.

जूनमध्ये प्रोजेक्ट माझ्याकडेच राहिला. आठवड्याला चारचे दोन झाले, मग एक. आता या सगळ्याला चार वर्षं झाली, वही अजून चालू आहे, आणि कधीकधी तीन-तीन महिने तिच्यात काही लिहावं लागत नाही. आईला मी पहिला फोन केला तो सहाशे एकोणतिसावी नोंद झाली त्या सकाळी. ती नोंद अशी आहे.

'पहाटे ४.१०. खोली. निळी ज्योत. वास. गोणपाट डावीकडून उजवीकडे. काच दोनदा. मी ओरडले. हात थांबला. बाहेरून एक बाई म्हणाली, या चपला कुणाच्या गं? मी आतून म्हणाले, माझ्या.'